पर्लकोटा-इंद्रावतीचा माग: सर्व्हे ऑफ इंडियाची मोफत शीट्स कितपत कामाची?

गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागडला तीन नद्या भेटतात: पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती. यातल्या पर्लकोटाला सीमेपलीकडे छत्तीसगडात कोटरी म्हणतात. पावसाळ्यात ‘पर्लकोटाच्या पुलावरून पाणी, भामरागडचा संपर्क तुटला’ ही बातमी महाराष्ट्रात दरवर्षी वाचली जाते. पण ही नदी येते कुठून, तिला वाटेत कोण कोण मिळतं आणि तिचं नाव नेमकं कुठे बदलतं, हे नकाशावर बोट ठेवून सांगणारे फार थोडे.

हा माग घरबसल्या काढायचा असेल तर सर्व्हे ऑफ इंडिया या केंद्र सरकारच्या नकाशा संस्थेच्या १:५०,००० प्रमाणाच्या खुल्या मालिकेतल्या शीट्सना, म्हणजे नकाशाच्या सुट्या पानांना, आजही तोड नाही. पात्र, उतार, ओढे-नाले, काठावरची गावं या सगळ्यासाठी त्या उत्तम आहेत. नावांसाठी मात्र निम्म्याच कामाच्या. शीटवर छापलेलं नाव म्हणजे मोजणीच्या वेळी नोंदलेलं एक नाव, तेही रोमन लिपीत. ते प्रमाण धरून लेख लिहिला तर हमखास घोटाळा होतो. तो कसा होतो आणि कसा टाळता येतो, हे खाली सविस्तर दिलं आहे, कारण या शीट्सचा सगळ्यात जास्त गैरवापर तिथेच होतो.

हातात काय पडतं

२००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने नकाशांच्या दोन मालिका केल्या. एक संरक्षण खात्यासाठी, दुसरी सगळ्यांसाठी खुली. खुल्या मालिकेत लष्करी आणि इतर संवेदनशील ठिकाणं दाखवत नाहीत. बाकी नद्या, समोच्च रेषा (सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या), जंगल, रस्ते, वस्त्या सगळं असतं. संस्थेची स्थापना १७६७ ची. २०१७ मध्ये अडीचशे वर्षं पूर्ण झाली, त्या निमित्ताने या शीट्स पीडीएफ स्वरूपात मोफत मिळू लागल्या. तेव्हा आधार क्रमांक देऊन दिवसाला तीनच शीट्स उतरवता येत होत्या. पुढे पोर्टल बदललं, पण नोंदणी करावी लागतेच. म्हणून आधी लागणाऱ्या शीट्सची यादी कागदावर तयार ठेवावी आणि मगच लॉगिन करावं. पोर्टलवर बसून ‘इंद्रावती’ असं शोधायला गेलात तर वेळ फुकट जातो. शीट शोधायची ती क्रमांकाने.

एक शीट म्हणजे १५ मिनिटं अक्षांश गुणिले १५ मिनिटं रेखांश. भामरागडच्या अक्षांशावर हे क्षेत्र पूर्व-पश्चिम सुमारे २६ किमी आणि दक्षिणोत्तर सुमारे २८ किमी भरतं. कागदावर नकाशाची चौकटच ५२ बाय ५५ सेंटिमीटरच्या आसपास होते, समास वेगळा. त्यामुळे ए-२ कागदावर ती बसत नाही, ए-१ लागतो. छपाईवाल्याला ‘शंभर टक्के, पानात बसवू नका’ हे स्पष्ट सांगायचं. पानात बसवण्याचा पर्याय चालू राहिला की प्रमाण बिघडतं आणि त्यावर मोजलेली सगळी अंतरं चुकतात. हातात आल्यावर तळाची रेषापट्टी फुटपट्टीने मोजावी. १ किमी म्हणजे बरोबर २ सेंटिमीटर आले पाहिजेत.

आपली शीट कोणती, हे कसं काढायचं

इथे बरेच जण अडतात, कारण क्रमांकाच्या दोन पद्धती आहेत. जुने अहवाल, गॅझेटियर, भूगर्भशास्त्राचे प्रबंध जुने क्रमांक देतात आणि पोर्टल नवे मागतं.

जुन्या पद्धतीत ४ अंश गुणिले ४ अंशांच्या मोठ्या चौकटीला एक आकडा आहे. ८० ते ८४ पूर्व आणि १६ ते २० उत्तर ही चौकट ६५. तिचे एकेका अंशाचे सोळा भाग, ए ते पी. अक्षरं वरून खाली जातात आणि एक स्तंभ संपला की उजवीकडचा घेतात. म्हणजे ६५ ए हा वायव्य कोपरा, त्याच्या खाली बी, सी, डी आणि ए च्या उजवीकडे ई. प्रत्येक अक्षराचे पुन्हा सोळा भाग, १ ते १६, तेही तसेच वरून खाली.

भामरागड साधारण १९ अंश २५ मिनिटं उत्तर, ८० अंश ३५ मिनिटं पूर्व. ८० ते ८१ आणि १९ ते २० यांच्यात, म्हणून ६५ ए. रेखांशाची ३५ मिनिटं ३० ते ४५ च्या पट्ट्यात, म्हणजे तिसरा स्तंभ, त्यात ९ ते १२ क्रमांक येतात. अक्षांशाची २५ मिनिटं १५ ते ३० मध्ये, म्हणजे वरून तिसरी ओळ. ९, १०, ११. शीट ६५ ए/११.

नव्या पद्धतीत मोठी चौकट ४ अंश अक्षांश आणि ६ अंश रेखांशाची. १६ ते २० उत्तर पट्ट्याला ई हे अक्षर आणि ७८ ते ८४ पूर्व या यूटीएम विभागाला (जगाच्या सहा-सहा अंशांच्या उभ्या पट्ट्यांपैकी एक) ४४, म्हणून ई ४४. तिचे एकेका अंशाचे चोवीस भाग, ए ते एक्स. इथे अक्षरं आडवी, डावीकडून उजवीकडे जातात. ७८ ते ७९ ए, ७९ ते ८० बी, ८० ते ८१ सी. आतले १ ते १६ मात्र जुन्यासारखेच उभे. म्हणून ६५ ए/११ ची नवी शीट ई ४४ सी ११. शेवटचा आकडा दोन्हीकडे सारखाच राहतो, पडताळ्याला एवढी खूण पुरते.

गडचिरोली जिल्ह्याची खास अडचण अशी की २० उत्तर आणि ८० पूर्व या रेषा गडचिरोली शहराच्या दक्षिणेला जवळच एकमेकींना छेदतात. त्यामुळे हा एक जिल्हा जुन्या पद्धतीच्या चार मोठ्या चौकटींवर पसरला आहे: ५५, ५६, ६४ आणि ६५. सिरोंचा ५६ मध्ये, भामरागड ६५ मध्ये, कोटरीचा वरचा टप्पा ६४ मध्ये. नदी वरून खाली येताना २० उत्तर ओलांडते तिथे क्रमांक एकदम उडी मारतो. ६४ डी/१२ च्या लगेच खाली ६५ ए/९ लागते. नव्या पद्धतीत तीच जोडी एफ ४४ यू १२ आणि ई ४४ सी ९. ही उडी माहीत नसली की मधली शीट गायब आहे असं वाटतं आणि नदी तुटल्यासारखी दिसते.

शेजारच्या शीट्सही अशाच काढायच्या. ६५ ए/११ च्या वर १०, खाली १२, डावीकडे ७, उजवीकडे १५. त्याच्याही उजवीकडे गेलं की अक्षर बदलतं: ६५ ई/३. इंद्रावतीवरचा चित्रकोटचा धबधबा ६५ ई/१२ वर, म्हणजे ई ४४ डी १२ वर येतो. प्रत्येक शीटच्या समासात शेजारच्या आठ शीट्सचा छोटा तक्ता असतो, तो आधी पाहावा.

नदी वाचताना

शीटवर निळा रंग दिसला म्हणजे बारमाही पाणी. काळ्या रेषेने काढलेला ओढा म्हणजे पावसाळ्याखेरीज कोरडा. भामरागड, एटापल्ली भागात असे काळे ओढे शेकड्यांनी आहेत आणि नवखा वाचक त्यांना पायवाटा समजतो. वाट तुटक असते आणि चढ-उताराशी तिचं काही देणंघेणं नसतं. ओढा मात्र समोच्च रेषा ओलांडताना नेहमी त्यांच्या खाचेतूनच जातो.

प्रवाहाची दिशा कळत नसेल तर तपकिरी समोच्च रेषा पाहाव्यात. नदी ओलांडताना त्या व्ही आकारात वळतात आणि व्हीचं टोक कायम उगमाकडे असतं. १:५०,००० शीटवर दोन रेषांमधलं अंतर साधारणपणे २० मीटर असतं. छत्तीसगडातल्या डोंगराळ अबुझमाडात हे पुरेसं आहे. भामरागडच्या सपाट पात्रात मात्र नदी कितीतरी किलोमीटर जाते आणि एकही रेषा ओलांडत नाही. तिथे उताराचा अंदाज शीटवरून काढायला जाऊ नये.

इंद्रावतीचा सरासरी उतार काढणं सोपं आहे. ओडिशातल्या कालाहांडी भागात सुमारे ९१४ मीटर उंचीवर उगम, गोदावरीला मिळते तिथे उंची सुमारे ८२ मीटर, लांबी सुमारे ५३५ किमी. म्हणजे किलोमीटरला दीड मीटरच्या थोडा वर. पण सरासरी इथे फसवते. चित्रकोटला नदी एका जागी जवळजवळ ३० मीटर कोसळते. २० मीटरच्या अंतराच्या रेषांत अशा कड्यावरून एक किंवा फार तर दोनच रेषा जातात. त्यामुळे शीटवर नुसत्या रेषा बघून धबधब्याची उंची लक्षातही येत नाही, शेजारी छापलेल्या शब्दावरच अवलंबून राहावं लागतं. छोट्या धबधब्यांच्या बाबतीत तो शब्दही नसतो. नकाशात धबधबा नाही म्हणून जमिनीवरही नाही, असा निष्कर्ष काढू नये.

काठाशेजारी ‘५ आर’ असे आकडे दिसतात. ती सापेक्ष उंची आहे, म्हणजे काठ पात्रापासून पाच मीटर उंच. पूर कुठे पसरेल याचा प्राथमिक अंदाज यावरून घेता येतो. पात्रातले ठिपके म्हणजे वाळू. पण वाळूचे पट्टे दर पावसाळ्यात जागा बदलतात, तेव्हा त्यांच्या नेमक्या आकाराला महत्त्व देऊ नये.

नावांचा भाग: इथे सावध राहायचं

कोटरीचा उगम मोहला भागात, जुन्या राजनांदगाव जिल्ह्यात. २०२२ पासून हा भाग मोहला-मानपूर-अंबागड चौकी या वेगळ्या जिल्ह्यात आहे. तिथून ती कांकेर जिल्ह्यातून, पखांजूरच्या बाजूने, दक्षिणेला येते आणि महाराष्ट्रात शिरून भामरागडला इंद्रावतीला मिळते. इंद्रावतीच्या उपनद्यांत छत्तीसगडात हीच सगळ्यात मोठी मानली जाते. परलकोट हे कांकेरमधलं जुन्या जमीनदारीचं ठिकाण. १८२५ मध्ये गेंदसिंह यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या उठावामुळे हे नाव इतिहासात आहे. महाराष्ट्रातलं पर्लकोटा हे नाव याच ठिकाणाशी जुळतं. एकाच पाण्याला वरच्या भागात एक नाव, खाली दुसरं, आणि मधल्या भागात दोन्ही.

हे कोटरी आणि पर्लकोटा प्रकरण अपवाद नाही. गडचिरोली जिल्ह्यातच वर्धा आणि वैनगंगा चपराळ्याजवळ एकत्र येतात, दोघींची नावं तिथेच थांबतात आणि पुढे सिरोंच्यापर्यंत प्रवाह प्राणहिता म्हणून वाहतो. मग प्राणहिता गोदावरीत जाते. इंद्रावती मात्र तीन राज्यांतून एकच नाव घेऊन येते. प्राणहितेच्या वेळी नाव संगमावर बदलतं, म्हणून नकाशावर अचूक जागा दाखवता येते. कोटरीचं नाव संगमाविना बदलतं आणि तशी जागा कुठल्याही नकाशात आखलेली नसते.

शीटवर नदीचं नाव अक्षरं लांब लांब टाकून पात्राच्या कडेने छापतात. पहिलं अक्षर जिथे सुरू होतं तिथे नाव सुरू होतं असं नाही. छपाईत जागा सापडली तिथे ते बसवलेलं असतं. म्हणून ‘शीट अमुकवर कोटरी छापलंय आणि पुढच्या शीटवर पर्लकोटा, तेव्हा शीटच्या सीमेवर नाव बदलतं’ असं लिहिणं चूक आहे. अशा निष्कर्षांवर बेतलेले परिच्छेद इंटरनेटवर सर्रास दिसतात. शीटची सीमा ही निव्वळ १५ मिनिटांची रेषा आहे, तिचा कुणाच्या बोलण्याशी काही संबंध नाही.

मग करायचं काय? नदीचं नाव काठावरच्या गावाला बांधायचं. ‘अमुक गावाशी, उजव्या काठावर, तमुक नाव’ अशी नोंद टिकते. उजवा-डावा काठ नेहमी प्रवाहाच्या दिशेला तोंड करून ठरवायचा, हे पुराच्या अहवालांतही असंच असतं.

दुसरी अडचण लिपीची. शीटवरची नावं रोमन लिपीत आणि हंटेरियन या लिप्यंतराच्या पद्धतीची आहेत. या पद्धतीत ट आणि त एकाच अक्षराने, ड आणि द एकाच अक्षराने, ल आणि ळ एकाच अक्षराने लिहितात. म्हणून कोटरीचं वाचताना कोत्री होतं, आणि एटापल्लीकडून येणारी बांडिया सहज बांदिया होते. मराठी मजकुरात ही दोन्ही रूपं फिरताना दिसतात, त्यामागे बहुतेक वेळा हेच कारण असतं. शीटवरचं नाव देवनागरीत आणताना गावच्या ग्रामपंचायतीची पाटी, जनगणनेची मराठी किंवा हिंदी गावयादी, नाहीतर स्थानिक माणसाचं तोंड यांपैकी एकाचा तरी आधार घ्यावा. मोठ्या भागात गोंडी आणि माडिया बोलली जाते आणि ओढ्यांची नावं त्या भाषांतली असतात. मोजणीदाराने ऐकलं तसं रोमनमध्ये उतरवलेलं असतं, त्यामुळे ओढ्यांच्या पातळीवर शीट ही फक्त सुरुवात समजावी.

शोध घेताना पर्लकोटा, परलकोटा, परलकोट, पारलकोट, कोटरी ही सगळी रूपं वेगवेगळी टाकून पाहावी लागतात. एका रूपाला मिळालेली माहिती दुसऱ्या रूपाला मिळत नाही आणि म्हणूनच काही याद्यांत ही एकच नदी दोन नद्या म्हणून मोजलेली सापडते.

जुनी तारीख, जुनी हद्द

समासात मोजणीचं वर्ष आणि सुधारणेचं वर्ष छापलेलं असतं. ते न बघता शीट वापरणं हीच सर्वांत महागात पडणारी चूक. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपूरमधून वेगळा झाला. कांकेर आणि दंतेवाडा १९९८ मध्ये बस्तरमधून निघाले, छत्तीसगड राज्य १ नोव्हेंबर २००० चं, नारायणपूर आणि बिजापूर २००७ चे. जुन्या मोजणीच्या शीटवर एका काठाला चांदा किंवा चंद्रपूर आणि दुसऱ्या काठाला मध्य प्रदेशातलं बस्तर दिसलं तर गोंधळू नये. नदी तीच आहे, हद्दीचं नाव जुनं आहे.

गावांच्या बाबतीत हे आणखी नाजूक. अबुझमाडात पेंदा म्हणजे फिरत्या शेतीमुळे पाडे जागा बदलत आले आहेत आणि २००५ नंतरच्या संघर्षात बिजापूर भागातली अनेक गावं उठली. शीटवरच्या गावाच्या ठिकाणी आज काहीच नसू शकतं. ‘अबुझमाडचा नकाशाच नाही’ हे विधानही अर्धवट आहे. तिथली महसुली मोजणी दीर्घकाळ झालेली नव्हती, म्हणजे कुणाचं शेत किती याची नोंद नव्हती. डोंगर-नद्या दाखवणाऱ्या स्थलदर्शक शीट्स ही वेगळी गोष्ट, त्या आहेत.

पाण्याच्या बाबतीतही तारीख बघावी लागते. इंद्रावतीच्या वरच्या खोऱ्यात ओडिशाने धरणं बांधून पाणी महानदीच्या खोऱ्याकडे वळवलं आहे. मुखीगुडाचं ६०० मेगावॅटचं जलविद्युत केंद्र त्याच पाण्यावर चालतं. जुन्या मोजणीच्या शीटवर तिथे जलाशय नसून मोकळी दरी दिसते. त्याखाली जगदलपूरच्या वर जोरा नाल्याचा प्रश्न आहे. इंद्रावतीचं पाणी तिथे फुटून जोरा नाल्याने शबरी नदीकडे जातं आणि उन्हाळ्यात मुख्य पात्रापेक्षा नाल्यालाच जास्त पाणी मिळतं म्हणून दोन राज्यांत वर्षानुवर्षे बोलणी चालू आहेत. शीटवर दोन निळ्या रेषा दिसतात. कुठल्या रेषेत किती पाणी, हे नकाशा सांगू शकत नाही. पाण्याचा हिशेब हवा असेल तर केंद्रीय जल आयोगाच्या मोजणी ठाण्यांची आकडेवारी बघावी. इंद्रावतीवरचं खालच्या बाजूचं महत्त्वाचं ठाणं पाथागुडेम.

संगणकावर बसवताना

छापील शीटपेक्षा क्यूजीआयएस या मोफत नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये बसवलेली शीट जास्त कामाची. चार कोपरे पुरतात. ई ४४ सी ११ साठी रेखांश ८०.५० आणि ८०.७५, अक्षांश १९.२५ आणि १९.५०. कोपरा म्हणजे नकाशाच्या आतल्या चौकटीचा कोपरा, बाहेरच्या सजावटीच्या चौकटीचा नव्हे. बाहेरचा कोपरा घेतला तर शीट आक्रसते आणि शेजारच्या शीटशी नदी जुळत नाही. चारही कोपऱ्यांच्या जोडीला मधले दोन-तीन छेदबिंदू दिले तर स्कॅनमधला वाकडेपणाही पकडता येतो.

खुली मालिका डब्ल्यूजीएस-८४ या आधारावर आणि यूटीएम प्रक्षेपणात आहे. म्हणजे मोबाइलच्या जीपीएसचे आकडे थेट जुळतात. जुन्या शीट्स एव्हरेस्ट गोलाभावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या गणिती प्रारूपावर आहेत. ती शीट डब्ल्यूजीएस-८४ समजून बसवली की सगळं शंभर-दोनशे मीटर सरकतं. नदी नव्या उपग्रहचित्राशी समांतर पण बाजूला दिसत असेल, तर नदीने पात्र बदललं असं जाहीर करण्याआधी आधार तपासावा. सगळे रस्ते, टेकड्या, तळी एकाच दिशेला तेवढीच सरकली असतील तर दोष आधाराचा. एकटी नदी सरकली असेल तर नदीचा.

लांबी मोजताना प्रकल्प अंशांत ठेवून मोजलं तर निरर्थक आकडे येतात. गोलाभावरचं मोजमाप चालू करावं किंवा यूटीएम ४४ उत्तर घ्यावं. १:२,५०,००० च्या नकाशावर मोजलेली लांबी १:५०,००० पेक्षा कमी येते, कारण लहान वळणं गाळलेली असतात. वेगवेगळ्या पुस्तकांत एकाच नदीची लांबी पाच-दहा किलोमीटरने वेगळी का असते, याचं हे एक साधं कारण.

बाकीच्या सेवा, थोडक्यात

ओपनस्ट्रीटमॅप आणि खुल्या मालिकेचं इंग्रजी लघुरूप एकच, ओएसएम. चर्चेत कुणी ओएसएम म्हटलं तर कोणतं ते आधी विचारावं. ओपनस्ट्रीटमॅपची खरी ताकद नावांत आहे. एकाच नदीला मूळ नाव, मराठी नाव, हिंदी नाव, पर्यायी नाव अशी वेगळी खोकी भरता येतात. कोटरी आणि पर्लकोटा दोन्ही ठेवता येतात, तेही देवनागरीत. नदी तुकड्यातुकड्यांनी काढलेली असल्यामुळे वेगळ्या टप्प्याला वेगळं नाव देता येतं. रेषा नेहमी प्रवाहाच्या दिशेने काढायची असते, उलटी काढली तर उपनद्यांची जोडणी बिघडते. दुर्गम भागात भरणा विरळ आहे, पण चूक दिसली तर ती स्वतः दुरुस्त करता येते. सर्व्हेच्या शीटवरची रेघ तिथे उचलून चिकटवण्याआधी मात्र परवान्याच्या अटी वाचाव्यात.

इस्रोचं भुवन आणि जलसंपदेची इंडिया-डब्ल्यूआरआयएस ही पोर्टलं खोऱ्याच्या पातळीवर छान. ओढ्याच्या पातळीवर उतरलं की निरुपयोगी. भुवनवरून मिळणारं कार्टोसॅट उपग्रहाचं उंचीचं प्रारूप ३० मीटरच्या चौकोनांचं आहे. त्यावरून संगणक आपोआप ओढे काढतो, पण दाट जंगलात उंची झाडांच्या शेंड्यांची धरली जाते आणि सपाट भागात ओढे सरळ रेघांसारखे येतात. भामरागडच्या परिसरात या दोन्ही अडचणी एकदम येतात.

सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची चित्रं २०१५ पासूनची, मोफत आणि १० मीटर स्पष्टतेची आहेत. पात्र आज कुठे आहे हे बघायला यापेक्षा सोयीचं दुसरं काही नाही. फेब्रुवारी ते मे निवडावं: ढग नसतात, पाणी कमी, खडक आणि वाळू उघडी पडलेली. पूर्ण भरलेलं पात्र हवं असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबर. जुलै-ऑगस्टमध्ये जवळजवळ सगळं ढगाखाली. गुगल अर्थमध्ये जुन्या तारखांची चित्रं मागे सरकवून पाहता येतात, वाळूच्या पट्ट्यांचं हलणं त्यात चांगलं दिसतं. नदीच्या नावासाठी मात्र गुगलच्या नकाशावर भिस्त ठेवू नये.

जुनी रूपं हवी असतील तर अमेरिकी लष्कराच्या नकाशा सेवेची यू ५०२ मालिका टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने मोफत ठेवली आहे. १:२,५०,००० प्रमाण, विसाव्या शतकाच्या मध्यावरची. ओढ्यांसाठी ढोबळ, पण आज गळून गेलेली नावं तिथे सापडतात.

कुणी घ्यावी, कशी वापरावी

भूगोलाचे विद्यार्थी, स्थानिक इतिहास लिहिणारे आणि नद्यांवर मराठी विकिपीडियात लेख करणारे यांनी खुल्या मालिकेची शीट पाया म्हणून घ्यावी. नुसता संगम बघायला जायचं असेल तर ती जड होईल, मोबाइलवरचा ऑफलाइन नकाशा पुरतो. पुराच्या दिवसांत भामरागडकडे निघणाऱ्यांनी तर कोणत्याच नकाशातला पूल चालू आहे असं धरू नये. इंद्रावती फुगली की पर्लकोटाचं पाणी मागे तुंबतं, आणि त्या वेळी भामरागडवर पाऊस पडत असेलच असं नाही.

कोटरीपासून सुरुवात करायची असेल तर क्रम असा ठेवावा: आधी ६४ डी आणि ६५ ए मधल्या ज्या शीट्समधून पात्र जातं त्यांची यादी, मग प्रत्येकीचं मोजणी वर्ष, मग सेंटिनेलच्या उन्हाळी चित्रावरून आजचं पात्र, आणि शेवटी नावं. नावांच्या वहीत सहा रकाने पुरतात: नाव देवनागरीत, शीटवरचं रोमन रूप, गाव, काठ, शीट क्रमांक आणि कुणाकडून कळलं. शेवटचा रकाना रिकामा असलेली ओळ लेखात घेऊ नये.